प्लास्टरचा कडा

माझे भावोजी कवळ्या बनवतात. दाताचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडातून साचा घेतात, तो भावोजींकडे येतो. भावोजी त्यात प्लास्टर ओततात, त्यावर मेणात दात रचतात आणि घासूनपुसून अशी कवळी करून देतात की म्हाताऱ्या माणसाला पुन्हा सफरचंद चावून खावंसं वाटावं. हात चांगला आहे, हे मी कधीच नाकारलेलं नाही. माझी तक्रार तोंडाबद्दल आहे.

भावोजींना प्रस्तरारोहणाचा नाद आहे. खरं तर पूर्वी चढण्याचा होता, आता त्याबद्दल बोलण्याचा आहे. कड्यावर चढायच्या दोन तऱ्हा असतात म्हणे. एका तऱ्हेत कोणीतरी आधीच कातळात भोकं पाडून मेखा बसवून ठेवतं आणि चढणाऱ्याने त्यांत दोर अडकवत वर जायचं. दुसरी तऱ्हा जुनी. तिथे कातळात काही ठोकायचं नाही. धातूच्या पाचरी कमरेला लटकवून न्यायच्या, भेग दिसेल तिथे त्या दाबून बसवायच्या, दोर त्यांतून घ्यायचा, आणि मागून चढणाऱ्याने त्या सगळ्या काढत वर यायचं. पाचर नीट बसली असेल तर पडलेला माणूस दोरावर लटकतो. नसेल तर माझ्याकडे येतो. मी इस्पितळात एक्स-रे काढते.

भावोजी अर्थातच जुन्या तऱ्हेचे. "मेखांवर चढणं म्हणजे कठडा धरून जिना चढणं," असं ते सांगत. कोणालाही सांगत. एकदा लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांना सांगितलं. ते बिचारे मधल्याच मजल्यावर उतरून गेले. स्वतः भावोजी मात्र गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीपलीकडे कुठे चढले नव्हते. तिथेही लग्नानंतरची काही वर्षं. ते वर चढायचे, खाली माझी ताई दोर सांभाळायची आणि मग पाचरी काढत मागून चढायची. मग ताईची नोकरी, सासूबाईंचं आजारपण, भावोजींचं पोट, अशा एकेका कारणाने खाण मागे पडली. पाचरी तेवढ्या राहिल्या. कवळ्यांच्या प्रयोगशाळेतल्या खिळ्याला टांगलेल्या. भावोजी रोज त्या फडक्याने पुसत.

अशात कुठल्याशा मासिकात त्यांनी एका परदेशी कड्याचा फोटो पाहिला. समुद्राकाठचा उंच कडा, राखी रंगाचा, वरपासून खालपर्यंत भेगाच भेगा, आणि मेख ठोकायला सक्त मनाई. भावोजी म्हणाले, "मी इथे जाणार." आम्ही म्हणालो, जा. त्यानंतर नियोजन सुरू झालं आणि ते इतकं लांबलं की ताईची धाकटी तेवढ्यात शाळा संपवून वसतिगृहात राहायला गेली.

तुम्ही आम्ही प्रवासाला निघताना तिकीट काढतो, बॅग भरतो. भावोजींनी आधी कडा बनवला. नाना फोटो जमवून, भिंगाखाली धरून, कवळ्यांच्या प्लास्टरमधून त्यांनी त्या कड्याची हुबेहूब प्रतिकृती ओतली. मेण कापायच्या सुरीने तिच्यात भेगा कोरल्या. कोणत्या भेगेत कोणती पाचर बसेल, ते रंगाचे ठिपके देऊन ठरवलं. प्रयोगशाळेत जागा नव्हती, कारण तिथल्या फळ्यांवर गावभरचे जबडे आ वासून बसलेले. म्हणून कडा घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर स्थानापन्न झाला. तेव्हापासून ताईच्या घरी पाहुणे पलंगावर बसून, मांडीवर ताटली घेऊन जेवतात.

"लोकांच्या कामात पाचर मारणारे मी पुष्कळ बघितलेत," मी ताईला म्हटलं. "स्वतःच्या संसारात मारणारा हा पहिलाच."

"हळू बोल," ताई म्हणाली. "ऐकू गेलं तर पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगतील."

या मोहिमेत भावोजींचा जोडीदार म्हणजे त्यांच्या क्लबचे सेक्रेटरी. हे विमा कंपनीत होते आणि त्यांना प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची सवय होती. दर रविवारी दोघे टेबलाशी बसत. भावोजी टोकदार काडीने प्लास्टरवरच्या भेगा दाखवत आणि सेक्रेटरी "वा, वा" करत. भरती-ओहोटी, वारा, कातळ किती वेळात वाळतो, दोर एक घ्यावा की दोन, यावर चर्चा. एका रविवारी मी तिथे होते. मधल्या मोठ्या भेगेपाशी पोचल्यावर डावा पाय आधी टाकायचा की उजवा, यावर दोघांचं वाजलं. तेवढ्यात फोन खणखणला. दाताचे डॉक्टर होते. त्यांच्या एका आजीबाई कवळीवाचून महिनाभर पेजेवर राहिल्या होत्या.

"उद्या देतो," भावोजी म्हणाले. "आज एका महत्त्वाच्या तांत्रिक अडचणीत आहे." आणि फोन ठेवून सेक्रेटरींना म्हणाले, "डावाच."

मी विचारलं, "भावोजी, तुम्ही शेवटचे खऱ्या दगडावर कधी चढलात?"

"चढणं आधी डोक्यात व्हावं लागतं," ते म्हणाले. "हातपाय नंतर येतात."

डोकं आधी पाठवून हातपाय मागाहून मागवणारी माणसं आमच्या खात्यात रोज येतात, पण ते जाऊ दे.

ताई गरीब स्वभावाची आहे असं सगळ्यांना वाटतं, कारण ती आवाज चढवत नाही. धाकटी वसतिगृहात गेली त्या वर्षी तिने ऑफिसातून परतताना परस्पर तिकिटं काढली. भावोजींनीच हजारदा सांगून ठेवलेला उत्तम महिना धरला, त्यांनीच हेरून ठेवलेली तंबूची जागा धरली, आणि संध्याकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवताना म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यात तुम्ही जाताय. आणि नसाल जात, तर हा कडा मी बाल्कनीतून खाली टाकणार आहे. खाली कोणी उभं नाही ना, ते बघून टाकीन."

भावोजींचा चेहरा मी स्वतः पाहिला. वर्षानुवर्षं जे मागितलं ते मिळाल्यावर माणूस आनंदतो अशी माझी समजूत होती. भावोजी पांढरेफटक पडले. वाऱ्याचा अभ्यास अजून अपुरा आहे, म्हणाले. नव्या पाचरी यायच्या आहेत, म्हणाले. आजीबाईंच्या कवळीचीसुद्धा त्यांना अचानक काळजी वाटू लागली. ताईने तिकीट दाखवलं आणि कप उचलून आत गेली.

सेक्रेटरींनी तर आठवडाभरातच काखा वर केल्या. त्यांच्या पाठीत म्हणे उसण भरली होती. "एक्स-रे काढून देते, या," असा मी निरोप दिला. ते आले नाहीत.

म्हणून दोर धरायला ताई निघाली. तिकडे गाडी भाड्याने घ्यावी लागणार, ताईला गाडी येत नाही, आणि भावोजी गाडी चालवताना दोन्ही हात सोडून मुद्दा समजावतात. म्हणून मी निघाले. माझी रजा साठलेली होती आणि खरं सांगायचं तर मला तमाशा बघायचा होता.

विमानतळावर भावोजींची बॅग यंत्रातून गेली आणि तिथल्या बाई थांबल्या. आत इतकं लोखंड काय आहे, त्यांनी विचारलं. शहाणा माणूस म्हणाला असता, खेळाचं सामान. भावोजींनी त्यांना पारंपरिक प्रस्तरारोहणाची तत्त्वं सांगायला घेतली. मागे रांग वाढत गेली. अखेर ताईने पुढे होऊन बाईंना सांगितलं, "यांना छंद आहे." बाईंनी ताईकडे पाहिलं आणि दोघींना काय ते समजलं. बॅग सुटली.

तिकडे पोचलो. तंबूची जागा एका मेंढ्या पाळणाऱ्या बाईंच्या कुरणात होती. बाई आडव्या बांध्याच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि बोलणं मोजकं. कड्याकडे कसं जायचं, असं त्यांना विचारायची भावोजींनी सोयच ठेवली नाही. "मला वाट पाठ आहे," म्हणाले. आणि ती खरंच पाठ होती. कुठलं फाटक उघडायचं, कुठे ओढा ओलांडायचा, कुठल्या दगडाशी डावीकडे वळायचं, सगळं बरोबर. मी मागून सामान वाहत मनातल्या मनात कबूल करत होते की, माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

कड्याच्या माथ्यावर कुंपण होतं आणि कुंपणावर पाटी. पाटीवर एका ससाण्याचं चित्र. या पक्ष्यांचा विणीचा हंगाम चालू आहे, ते कड्याच्या भेगांमध्ये घरटी करतात, म्हणून या महिन्यांत इथे चढायला बंदी आहे. दर वर्षी असते.

भावोजींनी पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. मग तिच्या मागे काही लिहिलंय का, ते जाऊन पाहिलं.

"तुमच्या पुस्तकात नव्हतं हे?" ताईने विचारलं.

त्या कड्याची माहिती देणारं पुस्तक भावोजींनी जुन्या बाजारातून घेतलेलं होतं. ते छापलं तेव्हा बंदी नसावी किंवा लेखकाने ससाण्यांना विचारलं नसावं. परवानग्यांचं खातं सेक्रेटरींकडे होतं, आणि सेक्रेटरींनी "वा, वा" म्हणून ते निकालात काढलेलं. वारा, लाटा, कातळाची जात, बोटांना पट्टी कशी गुंडाळायची, सगळ्याचा विचार झाला होता. कड्यावर आणखी कोणी राहत असेल, हे तेवढं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

भावोजी तंबूत परतले ते भांडायला. मेंढ्यावाल्या बाईंना म्हणाले, "त्या पक्ष्यांना हाच महिना सापडला का?"

बाई म्हणाल्या, "त्यांनी कुठे तिकीट काढलं होतं?" आणि बादली उचलून चालू लागल्या. ती बाई मला तिथेच आवडली.

नंतर भावोजींनी जे केलं ते मी कोणा लहान मुलाला करताना पाहिलं असतं, तर पाठीत धपाटा घातला असता. ते रुसले. तंबूतून बाहेर येईनात. आले तर दुर्बीण घेऊन रस्त्याच्या कडेला बसत आणि समोरच्या कड्याकडे बघत राहत. जेवायला हाक मारली तर "भूक नाही" म्हणत आणि मग पाव संपवून टाकत. एकदा माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "उजवीकडची भेग मी चुकीची कोरलीय. ती वर जाऊन बंद होते. मी त्या बाजूने गेलो असतो तर अडकलो असतो."

"मग ससाण्यांचे आभार माना," मी म्हटलं. त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.

ताईने हे सगळं शांतपणे पाहिलं. ती सकाळी मेंढ्यावाल्या बाईंबरोबर कुरणात जायची आणि दुपारी येऊन पुस्तक वाचायची. एके दिवशी परतली तेव्हा म्हणाली, "अहो, बाईंच्या वरच्या कुरणामागे एक कातळ आहे. फार मोठा नाही. पक्षी नाहीत, पाटी नाही, मेखा नाहीत. चढायचंय का?"

"पुस्तकात आहे?"

"नाही."

"नाव काय?"

"नाव नाही. बाई म्हणाल्या, वारा सुटला की मेंढ्या त्याच्या आडोशाला बसतात."

भावोजी हसले. बरं हसणं नव्हतं ते. "इतक्या लांब येऊन मेंढ्यांच्या गोठ्यावर चढू? काय अवघड आहे, कुठे भेग आहे, काही माहिती नसताना?"

"ठीक आहे," ताई म्हणाली. तिने त्यांच्या बॅगेतून दोर काढला, खांद्यावर टाकला आणि कुरणाच्या दिशेने निघाली. मी पाचरींचा जुडगा उचलून मागे. जरा वेळाने पाहते तर भावोजी हातात बूट घेऊन अनवाणीच येत होते.

कातळ आमच्या इस्पितळाच्या इमारतीएवढा असेल, जरा कमीच. मध्ये एक वाकडीतिकडी भेग, वर थोडा पुढे आलेला दगड. भावोजी खाली उभे राहून बराच वेळ बघत राहिले. ठिपके नव्हते. आधी कुठली पाचर, मग कुठली, ते सांगणारं कोणी नव्हतं. त्यांनी कमरेला सगळ्याच्या सगळ्या लटकवल्या आणि वाजतगाजत निघाले.

पहिला माणूसभर भाग बरा गेला. एक पाचर बसली. त्यानंतर मी जे पाहिलं त्याला चढणं म्हणायला जीभ रेटत नाही. भेग पाहिजे तिथे अरुंद आणि नको तिथे रुंद. भावोजी एक पाचर घालून बघत, काढत, दुसरी घालत, ती हातातून सुटून खाली गवतात पडे. उजवा पाय शिलाई मशीनसारखा थडथडू लागला. मेंढ्या चरायच्या थांबून बघू लागल्या. पुढे आलेल्या दगडाखाली ते थांबले ते थांबलेच. वर जाता येईना, खाली उतरता येईना. प्लास्टरवर डाव्या-उजव्या पायावरून सेक्रेटरींशी भांडणारा माणूस तिथे कातळाला गाल लावून उभा होता आणि कुठलाच पाय टाकत नव्हता.

मग त्यांनी हाक मारली. "अगं," म्हणाले, "काय करू?"

मी ताईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात त्या बाजूने आलेला मी ऐकला नव्हता. ताईची नजर भावोजींवरून हलली नाही. "तुमच्या उजव्या गुडघ्याजवळ एक खाच आहे," ती म्हणाली. "लहान पाचर बसेल. आधी ती बसवा. मग डाव्या हाताला वर, दगडाच्या मागे, काहीतरी दिसतंय."

"काय दिसतंय?"

"इथून काय कळणार? चाचपून बघा."

त्यांनी पाचर बसवली. ओढून पाहिली. मग डावा हात दगडामागे घातला, आणि सुटले.

मी डोळे मिटले नाहीत. मिटणार नव्हतेच, आलेच त्यासाठी होते. भावोजी खाली आले, दोर ताणला, ताई जागची उचलली गेली आणि कातळावर आपटता आपटता पायाने सावरली. लहान पाचर धरून राहिली. भावोजी अधांतरी लटकून गोल फिरत होते. कोपर सोलवटलेलं.

"हाड शाबूत आहे," मी खालून सांगितलं. "हलवून बघा. हलतंय ना? मग शाबूत आहे."

"खाली सोडू का?" ताईने विचारलं.

भावोजी लटकल्या लटकल्या कोपराकडे बघत होते. मला वाटलं, आता रडतील. रडले असते तर मला आश्चर्य वाटलं नसतं आणि त्यांना मी आयुष्यभर ऐकवलं असतं. पण ते म्हणाले, "तिथे पकड आहे. मागे. चांगली आहे. माझी बोटं घामाने सुटली."

"मग पुसा की बोटं," ताई म्हणाली.

त्यांनी पँटला हात पुसले, कातळाला धरलं आणि पुन्हा वर गेले. या वेळी बोलले नाहीत. भेग चाचपत, थांबत, पाचर बसवत गेले. दगडामागे हात घातला, पाय वर घेतला आणि पोटावर घसपटत, अजिबात न शोभणाऱ्या रीतीने, माथ्यावर नाहीसे झाले. वरून फक्त पाचरींचा आवाज आला.

मग ताई चढली. मागून येणाऱ्याने पाचरी काढायच्या असतात ना, तर ती लहान पाचर झटक्याने घट्ट अडकून बसली होती. भावोजी वरून म्हणाले, "राहू दे, सोड ती." ताई म्हणाली, "सोडणार नाही." अर्धा दिवस जाईल असं मला वाटलं. तिने ती काढलीच. काढताना तिच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते मी आमच्या आईच्या घरी कधी ऐकलेले नाहीत.

दोघं वर बसले. मला खालून त्यांचे पाय दिसत होते, दोघांचे, कड्यावरून खाली सोडलेले. मला हाक मारावी असं कोणाच्या मनात आलं नाही. मी मेंढ्यांजवळ बसून गवतात पडलेल्या पाचरी गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "आज आधी मी." भावोजींनी दोर धरला आणि खालून अखंड सूचना दिल्या. तिने वरून एकदाच सांगितलं, "गप्प बसा," आणि चढून गेली. तिचं चढणं मी पूर्वी नीट पाहिलंच नव्हतं. तिला कसलीच घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने आणखी डावीकडची, भावोजींना दिसलीही नव्हती अशी भेग धरली. तेव्हा ते खाली गप्प उभे होते, मान वर करकरून.

परतल्यावर भावोजी सुधारले असं वाटत असेल, तर तसं काही झालेलं नाही. आता ते नियोजनाच्या विरोधात भाषणं देतात. "अनोळखी कड्याला अनोळखीच जाऊन भेटावं," असं परवा सेक्रेटरींना सांगत होते, आणि सेक्रेटरी "वा, वा" करत होते. कातळ सांगताना प्रत्येक वेळी वाढतो. इस्पितळाच्या इमारतीवर अजून दोन मजले चढलेत. पडल्याची गोष्ट ते गाळत नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगते. कोपर दाखवतात आणि म्हणतात, "हिने धरलं."

खाणीवर दोघं पुन्हा जाऊ लागलेत. परवा ताईचा फोन आला, की तू येतेस का, गाडीत जागा आहे.

"मी काय करू तिथे येऊन?" मी विचारलं.

"पाचरी खाली पडतात," ती म्हणाली. "कोणीतरी उचलायला हवं."

मी रजेचा अर्ज टाकलाय. साठलेली सगळी तिकडेच संपली, मंजूर होईलसं दिसत नाही.